लेकीचा दिवाळीचा डबा अमेरिकेच्या कस्टममध्ये अडकला. संक्रांतीचं पार्सल कसं पाठवू?

पूर्णाकाठची_आई | ३ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका लहान गावातून लिहिते. लेक अमेरिकेत, मिशिगनला असते. तिला सहावा महिना आहे. यंदा दिवाळीला तिचं येणं होणार नव्हतं, म्हणून तिच्यासाठी डबा पाठवला. चकल्या, करंज्या, अनारसे, उन्हाळ्यात घातलेल्या कुरड्या, काडीवर वळून वाळवलेले गव्हाचे सरगुंडे, जवसाची न् तिळाची चटणी, दुकानातून आणलेले सोनपापडीचे दोन पुडे, आणि डोहाळजेवणाला नेसायला एक करवतकाठी साडी.

तेव्हा पोस्टातून अमेरिकेचं बुकिंग बंद होतं. म्हणून जिल्ह्याच्या गावी जाऊन एका खाजगी कुरिअरवाल्याकडे ६ ऑक्टोबरला पार्सल दिलं. "बारा दिवसांत हातात पडते, ड्यूटी-बिटीचं आम्ही पाहतो," असं तो बोलला. १८ तारखेपासून ट्रॅकिंग जागचं हललं नाही. परवा लेकीला मेल आला की १२१ डॉलर भरा, आणि 'स्वीट्स' म्हणून जे लिहिलं आहे ते कोणी बनवलं, कारखाना कुठला, ते कळवा. १२१ डॉलर म्हणजे पावणेअकरा हजार! डब्यातला सगळा फराळ मिळून तेवढ्याचा नाही.

लेक म्हणते, आई राहू दे, परत पाठवू दे त्यांना. मला ते पटत नाही. पण तिनं एवढे पैसे भरावेत हेही जिवावर येतं. माझं कुठं चुकलं ते सांगा, आणि संक्रांतीला तिळगूळ पाठवायचा आहे तो कसा पाठवू तेही सांगा. मी बारावीपर्यंत शिकले आहे, फॉर्म भरता येतो, फक्त कोणी नीट समजावून सांगायला हवं.

हिंगणघाटकर | ३ नोव्हेंबर, ९:४०

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तिकडे सगळं मिळतं आता. इंडियन स्टोअरमध्ये चकली, पापड, लोणची, सगळं. कुरिअरला पाच-सात हजार, वर ड्यूटी. त्यापेक्षा लेकीच्या खात्यात पैसे टाका.

खमंग_फोडणी | ३ नोव्हेंबर, ९:५८

हिंगणघाटकर भाऊ, सरगुंडे कोणत्या स्टोअरमध्ये मिळतात तेवढं सांगा. मी नागपुरात राहून शोधून राहिली, मलेच मिळत नाहीत.

निवृत्त_पोस्टमास्तर | ३ नोव्हेंबर, १०:३५

ताई, ३४ वर्षं टपाल खात्यात काढली, त्यातली शेवटची अकरा मूर्तिजापूरकडे. आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे तुमच्या पार्सलचं काय झालं ते उमगेल.

अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालावर आयात शुल्क लागत नसे. ही मर्यादा २०१६ पर्यंत २०० डॉलर होती, त्या वर्षी ८०० झाली. या सवलतीमुळे आपल्या लोकांना अमेरिकेचं शुल्क काय असतं ते कधी कळलंच नाही. यंदा २९ ऑगस्टपासून ही सवलत सगळ्या देशांसाठी बंद झाली. शुल्क कोणी गोळा करायचं आणि कसं भरायचं ते ठरलेलं नव्हतं, त्यामुळे विमान कंपन्या अमेरिकेची टपालं घेईनात. म्हणून आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून बुकिंग थांबवलं. सुरुवातीला कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटी चालू ठेवल्या होत्या, पुढं त्याही थांबल्या. १५ ऑक्टोबरला सगळं पुन्हा सुरू झालं. तुमचं पार्सल बरोबर या मधल्या काळात गेलं.

आता पोस्टातून पाठवताना शुल्क इथंच, बुकिंगच्या वेळी भरायचं असतं, लेकीच्या दारात कोणी बिल घेऊन येत नाही. सध्या, म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये, मालाच्या लिहिलेल्या किमतीवर सरसकट ५० टक्के. मात्र खरीखुरी भेट असेल आणि किंमत १०० डॉलरच्या आत असेल, तर शुल्क शून्य. ही जुनी सवलत त्यांनी काढलेली नाही.

कुरिअरच्या पावतीवर किंमत किती लिहिली आहे? आणि 'गिफ्ट' असं कुठं लिहिलंय का? पावती समोर धरून सांगा.

पूर्णाकाठची_आई | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

काका, पावती काढली. किंमत १४,२०० लिहिली आहे. साडी ९,५०० ची, तिचं दुकानाचं बिल जोडलं होतं. बाकीचं ४,७००. हरवलं तर भरपाई मिळावी म्हणून मीच म्हटलं होतं की नीट किंमत लिहा. 'गिफ्ट' कुठंच नाही. मालाच्या जागी 'फूड आयटम, स्वीट्स, क्लोथ' एवढंच. आणि खाली बारीक अक्षरात छापलंय की शुल्क घेणाऱ्यानं भरायचं. ते मी वाचलंच नव्हतं, तो बोलला त्यावर विश्वास ठेवला.

कस्टम_एजंट_नागपूर | ४ नोव्हेंबर, दुपारी १:०५

मी कस्टम क्लिअरन्सचं काम करतो, बहुतेक कारखान्यांच्या मालाचं, पण टपालाचे नियमही बघावे लागतात. ताईंच्या पार्सलात दोन वेगवेगळ्या गाठी आहेत.

पहिली किमतीची. १०० डॉलर म्हणजे आज साधारण ८,९०० रुपये. तुमचं पार्सल १६० डॉलरचं झालं. इथं बहुतेकांचा गैरसमज असा असतो की वरच्या ६० डॉलरवर शुल्क लागेल. तसं नाही. मर्यादा ओलांडली की अख्ख्या १६० वर शुल्क. भारतीय मालावर २०२५ च्या ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के जादा शुल्क लागू झालं. त्याचेच ८० डॉलर झाले. त्यावर साडीचं मूळ शुल्क, कुरिअरवाल्याचा कागदपत्रांचा आकार आणि गोदामात पडून राहिल्याचं भाडं.

साडी वेगळी आणि फराळ वेगळा गेला असता, तर फराळ ५३ डॉलरचा, 'गिफ्ट' लिहिलं की शुल्क शून्य. ही सवलत दर माणसाला दर दिवसाची आहे, म्हणून दोन पार्सलं वेगवेगळ्या दिवशी पोचायला हवीत. साडी मात्र १०७ डॉलरची, तिला शुल्क लागलंच असतं.

दुसरी गाठ सोनपापडीची. अमेरिकेत २००२ च्या एका कायद्यामुळे खाण्याच्या मालाची आगाऊ सूचना तिथल्या अन्न व औषध खात्याला द्यावी लागते. पण माणसानं स्वतःच्या घरी स्वतः बनवलेलं खाणं जर तो स्वतःच भेट म्हणून दुसऱ्या माणसाला पाठवत असेल, तर ही सूचना लागत नाही. म्हणजे तुमच्या करंज्या सुटतात आणि दुकानाचे पुडे सुटत नाहीत! 'स्वीट्स' एवढाच शब्द वाचून तिथल्या माणसाला घरचं की कारखान्याचं ते कळणार कसं? म्हणून मेलमध्ये कारखाना विचारला.

लेकीला सांगा, मेलला लगेच उत्तर दे. सोनपापडीच्या पुड्याचा फोटो, त्यावरचा कारखान्याचा पत्ता आणि घटकांची यादी. दुसऱ्या परिच्छेदात लिही की बाकीचं सगळं आईनं घरी केलंय आणि ही भेट आहे. शुल्काच्या हिशोबाची प्रतही माग. दिवस जातील तसं भाडं चढतं, म्हणून थांबू नका.

विद्या_परतवाडा | ४ नोव्हेंबर, ३:१५

बापरे, घरच्या करंज्यांना वेगळा कायदा आहे हे पहिल्यांदाच कळलं. हे वाचून इतकं बरं वाटलं.

हिंगणघाटकर | ४ नोव्हेंबर, ४:००

सरगुंड्यांबद्दल माघार घेतो. 🙂 पण उलट दिशेचं सांगू का? माझ्या मुलानं तिकडून इथं मला मोबाइल पाठवला होता. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतची भेट भारतात शुल्काशिवाय यायची, ती सोय डिसेंबर २०१९ मध्ये संपली. फक्त राखी आणि जीवरक्षक औषधं ठेवली. मोबाइलच्या किमतीपेक्षा मनस्ताप जास्त झाला होता, म्हणून काल तसं लिहून गेलो.

खमंग_फोडणी | ४ नोव्हेंबर, ४:१२

राखी सोडली ना पण! बहिणीचा मान ठेवला सरकारनं.

बचतगट_कारंजा | ४ नोव्हेंबर, रात्री ८:४८

हा धागा पाहून लिहायला बसले. आमचा बारा जणींचा गट आहे. कुरड्या, मूगवड्या, शेवया, जवस चटणी करतो. तीन वर्षांपासून टेक्सासमधली आठ-दहा मराठी घरं आमच्याकडून माल मागवत होती. एकीनं दुसरीला सांगितलं, असं वाढत गेलं. कधी तीन हजारांची ऑर्डर, कधी पाच हजारांची. ८०० डॉलरच्या आत असल्यानं शुल्काचा विषयच नव्हता.

२९ ऑगस्टनंतर तीन हजारांच्या ऑर्डरवर दीड हजार शुल्क, टपालखर्च वेगळा. दोन ताई म्हणाल्या की 'गिफ्ट' लिहून पाठवा ना, कोण बघतं! गटाच्या बैठकीत यावर बरीच चर्चा झाली. शेवटी आम्ही नाही म्हटलं. पैसे घेऊन दिलेला माल भेट कसा होईल? आमच्या नावावर परवाना आहे, बँकेचं कर्ज आहे. एक खोटा कागद सापडला तर बाराही घरांवर येतं. आणि विक्रीच्या मालाला आगाऊ सूचनेची सवलतही नाही, वर एजंट साहेबांनी लिहिलंय तसं.

कुरडईला काय लागतं ते इथल्या बायांना सांगायला नको. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे चार वाजता उठून चीक शिजवायचा म्हणजे उन्हं चढायच्या आत गच्चीवर घालून होतात. यंदाच्या चैत्रात आम्ही टेक्सासच्या भरवशावर वीस किलो जास्त घातल्या. त्या आता पुण्याला न् नागपूरला विकतोय. विकल्या जातील. पण त्या ताईंपैकी एकीचा फोन येतो तेव्हा ती म्हणते, काकू, तळताना जो वास सुटतो तो इथल्या दुकानातल्या पाकिटाला नाही. मग मन खट्टू होतं.

संत्राबाग_वरुड | ४ नोव्हेंबर, ९:३०

आयात शुल्क काय असते ते आमाले विचारा. आमचा संत्रा बांगलादेशात जाये, लय जाये. त्याईनं २०१९ ले किलोमागं २० रुपये शुल्क लावलं, वाढवत वाढवत २०२३ ले ८८ वर नेलं. ट्रका जाणं कमी झालं, इथं मंडीत भाव पडला. शुल्क त्या देशात लागते पन झळ वरुडच्या बांधावर लागते. ताई, तुमचे १२१ डॉलर न् आमचे ८८ रुपये एकाच जातीचे हायेत.

आनखी एक. लेकीले संत्रा पाठवा-बिठवाचा विचार कराल तं करू नका. ताजं फळ टपालानं अमेरिकेत जात नाही, संत्र्याच्या जातीचं तं पानही जाऊ देत नाहीत. तिकडच्या बागाईले रोग लागीन म्हणून. गोडलिंबाच्या, म्हणजे कढीपत्त्याच्या पानालेही तोच नियम, ते झाड त्याच कुळातलं.

पूर्णाकाठची_आई | ४ नोव्हेंबर, ९:४४

भाऊ, चिवड्यात गोडलिंब घालते मी नेहमी! बरं झालं यंदा चिवडा नव्हता.

जाईजुई_लेस्टर | ५ नोव्हेंबर, पहाटे ३:१०

माहेर खामगावचं, सध्या इंग्लंडमध्ये. इथं भेटीची मर्यादा ३९ पौंड आहे. त्यावर गेलं की व्हॅट, आणि टपालवाले वर ८ पौंड हाताळणीचे घेतात. १३५ पौंडांवर गेलं तर कस्टम ड्यूटीही. माझी आई आधी किंमत दोन हजार लिहायची, मग एकदा काकूंनी त्याच पार्सलात चांदीचा करंडा टाकला आणि सगळं गणित बिघडलं. तेव्हापासून आमच्या घरात नियम: खाऊच्या पार्सलात दागिना नाही, साडी नाही. साडी येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत.

म्युनिकचा_वऱ्हाडी | ५ नोव्हेंबर, ४:२५

जर्मनीचं सांगतो. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पर्यंत २२ युरोपर्यंतच्या मालाला व्हॅट नव्हता, तो आता पहिल्या सेंटपासून लागतो. मात्र घरच्या माणसानं पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत मोफत. पण पैशांपेक्षा मोठी अडचण दुधाची. दूध, मांस आणि त्यांचे पदार्थ बाहेरून टपालानं आणायला इथं बंदी. पेढा, खवा, तूप, काही नाही.

माझं पहिलं पार्सल कस्टम ऑफिसात जाऊन सोडवावं लागलं. काउंटरवरच्या बाईनं कटर माझ्या हातात दिला, पार्सल मालकानंच उघडायचं असतं. आईनं सगळ्या पुरचुंड्या एकसारख्या पांढऱ्या पिशव्यांत बांधलेल्या, एकावरही नाव नाही. तांदळाची पिठी, मेतकूट, पिठीसाखर! एकेक पिशवी उघडून मी त्या बाईला सांगत होतो आणि ती वास घेऊन मान हलवत होती. तिखटाचा वास घेतला आणि पाच मिनिटं शिंकत होती बिचारी. पाणी आणून दिलं मी. शेवटी सगळं सोडलं, फक्त तुपाची बरणी ठेवून घेतली. ते घरच्या गायीचं तूप होतं. आईला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून घरी सांगून ठेवलंय, पिशवीवर पेनानं इंग्रजीत नाव लिहा. पांढऱ्या पावडरची बेनाम पिशवी कोणत्याच देशाच्या कस्टमला आवडत नाही.

शारजाहून_अनिता | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

पूर्णाकाठच्या ताईंनी अनारसे लिहिलेत म्हणून हे तातडीनं लिहिते. आखाती देशांत कोणाला पाठवत असाल तर खसखस चालत नाही. संयुक्त अरब अमिरातीत ती अफूच्या झाडाची म्हणून बंदी असलेल्या मालात धरतात, प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. अनारशावर खसखस, सावजी मसाल्यात खसखस, आपल्या हाताला सवयच असते. मी इथं आल्यावर आईनं पहिल्याच वेळी अनारसे तिळावर थापले. चव थोडी वेगळी लागते, पण छान होतात.

विद्या_परतवाडा | ५ नोव्हेंबर, ८:३०

अनिताताई, दंडवत. माझा भाचा दुबईला आहे आणि मी मसाला भाजायलाच घेणार होते.

राजाभाऊ_मेहकर | ५ नोव्हेंबर, ११:१५

इतका काथ्याकूट कशाला? किंमत ५०० लिहायची, मोकळं व्हायचं. माझा भाऊ गेली सहा वर्षं असंच करून राहिला, एकदाही अडकलं नाही.

निवृत्त_पोस्टमास्तर | ५ नोव्हेंबर, १२:४०

राजाभाऊ, ८०० डॉलरची सवलत होती तोवर ५०० लिहिलं काय आणि ५,००० लिहिलं काय, कोणी बघत नव्हतं. आता बघतात. ९,५०० च्या साडीवर ५०० लिहाल आणि पार्सल उघडलं तर खोट्या घोषणेसाठी ती जप्त होऊ शकते. न उघडता हरवलं, तर भरपाईचा अर्ज त्याच ५०० च्या कागदावर करावा लागेल. माझ्या काउंटरवर एक आजोबा रडले होते. नातीच्या पायातले वाळे पाठवले होते आणि दोनशे रुपये लिहिले होते. मला काही करता आलं नाही.

पण प्रश्न रास्त आहे की घरी केलेल्या वस्तूची खरी किंमत काय? मी लोकांना सांगायचो, हीच वस्तू तुमच्या आठवडी बाजारात कोणाकडून विकत घेतली तर काय भाव पडेल, तो लिहा. कमी नाही, जास्त नाही.

बचतगट_कारंजा | ५ नोव्हेंबर, १:३०

काका, हे पटलं. आम्ही दर ठरवताना अगदी हेच केलं होतं. नाहीतर बाया स्वतःच्या मेहनतीचा एक रुपयाही धरत नाहीत. "माझं काय, घरचंच तर आहे."

कस्टम_एजंट_नागपूर | ५ नोव्हेंबर, ६:२०

पोस्टमास्तर काकांशी सहमत. भर दोन गोष्टींची.

मालाचं वर्णन इंग्रजीत आणि नेमकं हवं. 'फूड आयटम' लिहू नका. अमेरिकेत आता टपालाची माहिती पार्सल पोचायच्या आधी संगणकावरून जाते, तिथला माणूस आधी ते शब्द वाचतो. सोबत सहा आकडी वर्गीकरण क्रमांक लागतो. हळद ०९१० ३०, तिखट ०९०४ २२, पापड १९०५ ९०, तिळगुळाचे लाडू साखर-गुळाच्या मिठाईत १७०४ ९०. शेवया आणि सरगुंडे न शिजवलेल्या, अंडं नसलेल्या पास्त्यात येतील, १९०२ १९.

आणि एकाच घरात दोन-तीन जणांना भेटी पाठवायच्या असतील तर अमेरिकेत एकाच खोक्यात पाठवता येतात. प्रत्येकाची भेट वेगळी गुंडाळलेली, त्यावर त्याचं नाव आणि किंमत, आणि बाहेर लिहायचं की ही एकत्रित भेटींची पेटी आहे. मग १०० डॉलरची मर्यादा प्रत्येकाला वेगळी. जावयाच्या नावानं खरंच काही पाठवणार असाल तरच हे करा.

खमंग_फोडणी | ५ नोव्हेंबर, ६:३१

सरगुंडे = पास्ता!! माझ्या आजीला काडीवर सरगुंडे वळताना मी सांगणार आहे, आजी तू इटालियन करून राहिली.

कुरड्या मोडू नयेत म्हणून मी मुरमुऱ्यांत पॅक करते, ताई. फोमपेक्षा बरं. मुरमुरे पोट्टे खातात, कचराही होत नाही.

कस्टम_एजंट_नागपूर | ५ नोव्हेंबर, ६:५०

युक्ती छान आहे. फक्त मग मुरमुरेही फॉर्मवर लिहा, १९०४ १०. खोक्यात आहे ते सगळं कागदावर हवं.

सुनील_साकोली | ५ नोव्हेंबर, ७:४५

ऑस्ट्रेलियावाले कोणी आहेत का? बहीण पर्थला आहे. आईनं नवरात्रातल्या घटाजवळची ज्वारीची कणसं आणि आंब्याच्या पानांचं तोरण जपून ठेवलंय तिला पाठवायला.

जाईजुई_लेस्टर | ५ नोव्हेंबर, रात्री ११:५०

सुनील, ते पाठवू नका. माझी जाऊ मेलबर्नला आहे. तिथं १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत शुल्काची काळजी नाही, पण शेती-सुरक्षेचे नियम फार कडक. बियाणं, पानं, दुधाचे पदार्थ थांबवतात, नष्ट करतात किंवा घेणाऱ्याच्या खर्चानं परत पाठवतात. आईंना सांगा, कणसं देवाजवळच राहू द्या, फोटो पाठवा. कापडी तोरण शिवून पाठवलं तर जाईल.

निवृत्त_पोस्टमास्तर | ६ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

पूर्वी आम्ही परदेशी पार्सल मांजरपाटात शिवून घ्यायचो. सुताच्या टाक्यांवर लाखेचे ठिपके, त्यावर अंगठीचा नाहीतर नाण्याचा ठसा. पोस्टाबाहेर एक शिंपी बसायचा, त्याचा धंदाच तो. पत्ता कापडावर शाईनं, पसरू नये म्हणून आधी मेण घासायचं. गावातून जिल्ह्याला, तिथून मुंबईच्या विदेश डाकघरात. तिथं कस्टमवाले टाका उसवून बघत आणि परत शिवत. आत काय निघालं ते त्या शिवणीवरून घेणाऱ्याला कळे.

आता खोकं आणि टेप. पण एक सवय तीच ठेवा. आतल्या वस्तूंची यादी, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एका कागदावर लिहून खोक्याच्या *आतही* ठेवा. बाहेरचं लेबल फाटलं तरी पार्सल निराधार होत नाही.

पूर्णाकाठची_आई | २१ नोव्हेंबर, रात्री ८:१०

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. लेकीनं ५ तारखेला मेलला उत्तर दिलं, सोनपापडीचा फोटो मी इथल्या दुकानात जाऊन काढून पाठवला. हिशोबाची प्रत मागितल्यावर कळलं की एक आकार दोनदा लावला होता. तो निघाला. शेवटी ९८ डॉलर भरले. पार्सल १४ तारखेला पोचलं. चकल्यांचा चुरा झाला, करंज्या जरा खवट लागल्या म्हणे, दीड महिना झाला ना. कुरड्या, सरगुंडे, चटण्या जशाच्या तशा. साडी नेसून फोटो पाठवला तिनं.

कुरिअरवाल्याकडे गेले होते. भांडले नाही. पावतीवरची बारीक अक्षरं त्याच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवली आणि सांगितलं, यापुढं हे गिऱ्हाइकाला आधी वाचून दाखवत जा. मागं दोन बाया पार्सल घेऊन उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

विद्या_परतवाडा | २१ नोव्हेंबर, ८:२५

शाब्बास ताई!

हिंगणघाटकर | २१ नोव्हेंबर, ९:००

साडी पोचली हे वाचून आनंद झाला. संक्रांतीचं पोस्टातूनच पाठवा.

पूर्णाकाठची_आई | १८ डिसेंबर, सायंकाळी ५:३०

काका, एजंट भाऊ, सोमवारी पोस्टात जाणार आहे. यादी केली, चुकत असेल तर सांगा. तिळाचे लाडू एक किलो, ६००. सरगुंडे अर्धा किलो, २५०. कुरड्या अर्धा किलो, २५०. जवसाची चटणी अर्धा किलो, ३००. सगळं घरी केलेलं, दुकानाचं एकही पाकीट नाही. पिशव्यांवर इंग्रजीत नावं लिहिली, भाचीनं करून दिली.

एकच अडलं. बाळासाठी दोन दुपटी शिवली आहेत. माझ्या सासूबाईंचं लुगडं होतं, तीस वर्षं पेटीत. धुऊन धुऊन इतकं मऊ झालंय की बोटाला लागत नाही. लेकही त्याच लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलेली होती. याची किंमत काय लिहू?

निवृत्त_पोस्टमास्तर | १८ डिसेंबर, ६:१५

ताई, बाजारभावानं जा. लहान मुलाचं साधं सुती दुपटं तुमच्या आठवडी बाजारात ७०-८० ला मिळतं. जुन्या कापडाचं, घरी शिवलेलं म्हणून तसंच लिहा. दोन मिळून १५०.

पूर्णाकाठची_आई | ५ जानेवारी २०२६, सकाळी ९:४०

पोचलं! २२ डिसेंबरला बुक केलं, ३ जानेवारीला तिच्या दारात. 'गिफ्ट'च्या चौकटीत खूण केली, एकूण १,५५०, शुल्क शून्य. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, मावशी हे सरगुंडे म्हणजे काय? मी त्याच्या पेनावर बोटानं वळून दाखवलं. मग त्यानं १९०२ १९ टाकलं आणि पुढं लिहिलं, घरी केलेला वाळवलेला गव्हाचा पास्ता.

खोकं तिथं उघडून पाहिलं होतं, तपासणीची चिकटपट्टी लावलेली. सरगुंड्यांच्या पिशवीचा एक कोपरा कापून परत नीट बंद केला होता. दुपट्यांची घडी मी वेगळी घातली होती, लेक म्हणते ती आता चौकोनी होती. म्हणजे कोणीतरी ती उलगडून पाहिली आणि पुन्हा घडी घालून ठेवली.